आवळटेंबचं गाऱ्हाणं

छप्पन सालच्या शिमग्यात आवळटेंब गावची अब्रू जायची वेळ आली होती, आणि गंमत म्हणजे ती आवळटेंबात नाही, लालबागच्या एका चाळीच्या चौकात.

आवळटेंब कोकणातलं खरं, पण समुद्राकाठचं नव्हे. पार घाटाच्या पायथ्याला जाऊन डोंगराच्या अंगावर चढलेलं गाव. तिथं पिकणारा भात गावालाच पुरत नसे, म्हणून गावानं आपले बापये मुंबईच्या गिरण्यांना देऊन टाकले होते. चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर आवळटेंबकरांची खोली होती. खोली एक आणि माणसं वीस-पंचवीस. पाळीनं कामाला जायची आणि पाळीनंच झोपायची. वर्षभर ही माणसं गिरणीची असत, पण शिमगा आला की ती कुणाच्या बापाची नसत. खोलीला कुलूप लागायचं. ते उघडायचं तेव्हा जिन्यावर लाल धूळ सांडलेली असायची, गोणींतून गळलेली, धोतरांच्या सोग्यांवरून झडलेली. ती धूळ दुसऱ्या माळ्यापर्यंत येऊन थांबायची.

तिसऱ्या माळ्यावर शेवंती राहायची. पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना ती त्या धुळीवर पाय पडू देत नसे. कडेकडेनं, भिंतीला धरून चढायची. दुसऱ्या बायका म्हणायच्या, हिला काय सोवळं लागलंय की काय! शेवंती कळशी सावरून वर जायची. आपण कधी न पाहिलेल्या गावावर आपला जीव जडलाय, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण ते गाव तिचं होतं आणि नव्हतंही. तिचा बाप गुणाजी घाडी आवळटेंबचाच, आणि साधासुधा नव्हे, गाऱ्हाण्याच्या मानाचा. म्हणजे वर्षाच्या सणाला देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं ते घाड्यानं, आणि बाकी गावानं दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. पण गुणाजीनं जवानीत गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यातल्या सुंदराबाईशी लग्न केलं. ती घाटावरची, परजातीची आणि वर विधवा. गावकी बसली आणि ठरलं, गुणाजीनं गावची हद्द ओलांडायची नाही. हा निरोप घेऊन मुंबईला आला तो राजाराम परब, गुणाजीचा लहानपणचा सवंगडी. निरोप सांगून राजाराम पाणीही न पिता जिना उतरला. त्या गोष्टीला आता तीसेक वर्षं होत आली होती. दोघं एकाच चाळीत, एक दुसऱ्या माळ्यावर, एक तिसऱ्या. जिन्यात गाठ पडली की एक भिंतीकडे बघायचा आणि दुसरा कठड्याबाहेर.

पण दर शिमग्याला, खालची माणसं गावाला गेली की, गुणाजी आंघोळ करून पाटावर नारळ ठेवायचा. तोंड चिंचपोकळीकडे करून उभा राहायचा, कारण त्याच्या लेखी गाव त्या दिशेला होतं. आणि गाऱ्हाणं घालायचा. ‘बा देवा रवळनाथा...’ पासून सगळं. ‘व्हय महाराजा’ म्हणायला अख्ख्या गावाच्या जागी एकटी शेवंती असायची. फ्रॉकात होती तेव्हापासून. सुंदराबाई चुलीपाशी बसून हसायची. “माझा देव जोतिबा. मी तुमच्या देवाला व्हय कशी म्हणू?” म्हणायची. पण मरायच्या आधीच्या शिमग्याला तीही अंथरुणातून ‘व्हय महाराजा’ म्हणाली होती. तेव्हा गुणाजीचा आवाज मध्येच फुटला होता.

आवळटेंबचं गाऱ्हाणं लांबलचक. गावाच्या वेशीपासून निघायचं आणि ज्या ज्या जागेत देवाचा वास, तिचं नाव घेत सगळा डोंगर चढायचा. एक जागा सुटली तर तिथला राखणदार रुसतो. शेवंतीला ते सगळं पाठ झालं होतं, पण ती त्याला पाठांतर समजत नसे. बाबा बोलू लागला की ती निघायची. वेशीवर चपला काढायच्या. वाघबावीचं पाणी प्यायचं. देवराईतून जाताना मान वर करायची नाही, कारण तिथली झाडं कुऱ्हाड लागायच्या आधीच्या काळातली. मग डोंगराच्या टोकावर तो धोंडा, हत्तीएवढा, पण एका बोटानं हलणारा आणि आजवर कधी न पडलेला. ‘बाबा, खराच हलता?’ असं तिनं लहानपणी विचारलं होतं. गुणाजी म्हणाला होता, “तुझा बोट लागला काय हलतलो.” तेवढ्यानं तिच्या अंगावर काटा आला होता. तिच्या त्या बोटाला पुढं गिरणीत वायंडिंगच्या सुतानं घट्टे पडले, तरी धोंडा मनात तसाच वाट बघत उभा होता.

कधीकधी मात्र तिला भलतीच शंका यायची. हे गाव असं खरंच आहे, की बापानं दुःखात रचलेलं आहे?

तर छप्पन साल. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं, गिरण्या बंद पडल्या, पोरं तुरुंगात गेली. नंतर गिरण्या सुरू झाल्या तेव्हा मालकांनी बंदचा वचपा काढला. शिमग्याला रजा कुणालाच नाही. गेलास तर परतल्यावर तुझ्या जागी बदलीवाला, रोजावर घेतलेला दुसरा माणूस, दिसेल. आवळटेंबच्या खोलीत असा शिमगा कधी झाला नव्हता. म्हातारे नुसते भिंतीला टेकून बसले. शेवटी राजाराम म्हणाला, “गावाक जावंक गावना नाय, तर होळी हयसर घालूया. देव खयसूनय आयकता.”

आणि तिसऱ्या माळ्यावर गुणाजी अंथरुणाला खिळला होता. तीस-पस्तीस वर्षं कापसाची धूळ गिळून छाती भाता फाटल्यासारखी झाली होती. एका दमात दोन शब्दांच्या वर बोलता येत नव्हतं. डॉक्टरनं शेवंतीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, पावसाळ्याचं काही खरं नाही. शेवंतीनं त्याला विचारलं, बाबा, तुका काय होया? तिला वाटलं, मासे म्हणेल, नाहीतर आईचा फोटो म्हणेल. गुणाजीनं बराच वेळ श्वास गोळा केला आणि म्हणाला, “गावाचो... व्हय.”

तिला कळलं. गाऱ्हाण्याच्या शेवटी तो दर वर्षी स्वतःचं एक वाक्य घालायचा. हा गुणाजी हद्दीबाहेर पडलाय, त्याला हद्दीत घे. त्यावर गावानं ‘व्हय’ म्हणायला हवं होतं, आणि म्हणत होती एकटी पोर. मुलीच्या होकारानं काय होतं? गाव बोललं नाही तर देवानं तरी का ऐकावं? कळलं खरं, पण गावाचा होकार काही भाजीबाजारात मिळत नव्हता. शेवंतीला एकटीनं रडायलासुद्धा ती खोली पुरली नाही.

होळीच्या दिवशी चौकात आंब्याचा सोट उभा राहिला, भोवती गवताच्या पेंढ्या. पहिली पाळी सुटलेली होती, आजूबाजूच्या चाळींतलेही आवळटेंबकर जमले होते. दिवेलागण झाली. शेवंतीनं बापाची खाट गॅलरीत ओढली, उशी कठड्याला लावली. गुणाजी कठड्याच्या फटीतून खाली बघत राहिला.

राजाराम नारळ घेऊन उभा राहिला. पांढरं धोतर, कोट, डोक्याला रुमाल, सगळं गावच्यासारखं. पन्नासेक माणसांनी हात जोडले.

“बा देवा रवळनाथा!”

“व्हय महाराजा!” चाळीच्या खिडक्या थरथरल्या.

“पावणाई माते!”

“व्हय महाराजा!”

मग राजाराम थांबला. माणसं वाट बघू लागली. राजारामनं खाकरून वेशीवरच्या राखणदाराचं नाव घेतलं, तिथून एकदम देवळात उडी मारली, मध्ये काहीतरी सुटल्याचं लक्षात येऊन परत वेशीवर आला आणि घाम पुसत म्हणाला, “तर सगळ्यांचा भला कर रे महाराजा.”

‘व्हय’ आलं, पण अर्ध्यांचंच. कुणीतरी मागून म्हणालं, “ह्या गाऱ्हाणा नाय रे, ही तार झाली!”

“मगे तुमी घाला!” राजाराम उसळला. “या, कोण घालता?”

कुणी पुढं येईना. आणि तेव्हा सगळ्या गावाला एकदम उमगलं की आपल्याला फक्त ‘व्हय महाराजा’ येतं. जन्मभर तेवढंच म्हटलं होतं. पुढचं घाड्यानं म्हणायचं, आपण हात जोडायचे, हीच रीत. गावात गुणाजीच्या जागी त्याचा चुलतभाऊ उभा राहायचा, तो तिकडे घाटाखाली. खरं तर त्या दिवसांत अख्खं गिरणगाव याच कामात तरबेज झालं होतं. एकानं म्हणायचं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ आणि लाखांनी म्हणायचं ‘झालाच पाहिजे’. पण तो एक जागेवर नसला तर लाखांनी बघायचं कुणाकडे? होळी पेटवता येईना, नारळ फोडता येईना. एका म्हाताऱ्याचा चेहरा तर रडवेला झाला. गाऱ्हाण्यावाचून पेटवलेली होळी म्हणजे नुसता उकिरडा जाळल्यासारखं.

आनंदा सावंत पुढं आला. जानेवारीत लाठी बसून त्याचा एक खांदा वाकडा झाला होता, पण जीभ सरळ होती. तो म्हणाला, “गेल्या वर्षी मी टायफॉइडान पडललंय, शिमग्याक गावाक जावंक नाय. खालच्या खोलयेत एकटोच होतंय. वरसून गाऱ्हाणा आयकलंय. अख्खा. गुणाजीकाका घालीत होतो आणि शेवंतीताय ‘व्हय’ म्हणत होती.”

सगळ्यांनी वर बघितलं. राजारामनं बघितलं नाही.

“तेका आता बोलाक येना नाय,” कुणीतरी पुटपुटलं.

“तायेक येता,” आनंदा म्हणाला.

मग एकच गलका झाला. बाईमाणूस गाऱ्हाणं घालतं? घाटणीची पोर? आणि तेही वाळीत टाकलेल्याची? शेवंती गॅलरीत उभी होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि तिच्या बापालाही येत होता. आत जावं, दार लावून घ्यावं असं तिला वाटलं. तेवढ्यात तिच्या पदराला ओढ बसली. गुणाजीनं पदर धरला होता. त्यानं हनुवटी खाली चौकाकडे केली.

खाली राजाराम नारळ हातात धरून कितीतरी वेळ उभा होता. हट्टी माणूस. पण देवापुढे आपली फजिती झालीय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अखेर तो कुणाकडेच न बघता म्हणाला, “मान घाड्याच्या घराचो आसा. तोंड कोणाचा, ता देव बघून घेयत. येवंदे शेवंतीक.”

शेवंती तीन माळे कशी उतरली ते तिला आठवत नाही. राजारामनं नारळ दिला तो हाताला हात लागणार नाही असा. तिनं पदर डोक्यावर घेतला, चिंचपोकळीकडे तोंड केलं. समोर कोळशाची वखार, तिच्यामागं गिरणीची चिमणी. तिनं डोळे मिटले आणि बापासारखी वेशीवर जाऊन उभी राहिली.

“बा देवा रवळनाथा! वेशीवरच्या राखणदारा! जेच्या पायाकडे चपला काढल्याशिवाय गावात कोणाचो पाय पडणा नाय, तेका पयलो नमस्कार!”

“व्हय महाराजा!”

तो आवाज तिच्या पाठीत लाटेसारखा आदळला. आयुष्यभर तिनं एकटीनं म्हटलेला तो शब्द असा असतो हे तिला माहीतच नव्हतं. पायाखालची फरशी हलल्यागत झाली.

“वाघबावीच्या धनया! जेच्या पाण्यार वाघानय येवचा आणि वासरानय येवचा, आणि कोणी कोणाक धरूचा नाय!”

“व्हय महाराजा!”

मग ती चढत गेली. खालची वाडी, मधली वाडी. चव्हाट्यावरचा वड. सात धारांचा ओहोळ, ज्याच्या सातही धारांना नावं होती. आणि तिला जाणवलं की मागचा आवाज बदलतोय. दर नावाला कुठून तरी एक हुंदका येत होता, दर वेळी वेगळ्या माणसाचा. ज्याची जागा आली त्याचा. देवराईचं नाव घेतलं तेव्हा पन्नास बाप्यांनी एकदम माना खाली घातल्या. तिनं डोळे किलकिले करून ते बघितलं. म्हणजे ती राई आहे. तिथं खरंच कुणी मान वर करत नाही. बापानं काही रचलेलं नव्हतं. सगळं गाव जिथल्या तिथं होतं आणि ही सगळी माणसं तिथून आलेली होती. त्या क्षणी तिला चिमणी दिसेना की वखार दिसेना. डोंगर एवढा जवळ वाटला की हात लांब केला तर लागेल. असा आनंद तिला आधी कधी झाला नव्हता, आणि अशी भीतीही वाटली नव्हती.

“डोंगराच्या माथ्यार बसलेल्या, एका बोटान हलणाऱ्या आणि कोणाच्या बापाक न पडणाऱ्या धोंड्या!”

“व्हय महाराजा!” त्यात कुणीतरी हसलं आणि रडलं, दोन्ही.

मग आलं गेलं, ढोरं-गुरं, पोरंबाळं, मुंबईत गेलेली लेकरं, सगळ्यांची राखण मागून झाली. गाऱ्हाणं संपलं. इथं नारळ फोडायचा. एका माणसानं पेटती चूड पुढं केलीही.

शेवंतीनं वर बघितलं. कठड्याच्या फटीत बापाचे डोळे दिसत होते. तो रडत नव्हता, वाट बघत होता. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं. न म्हणताही चाललं असतं. गाव खूश झालं होतं, उद्या जिन्यात लोक तिच्याशी बोलले असते. आणि म्हटलं, अन् गाव गप्प राहिलं, तर ते गप्प राहणं बापाला तिथं वर ऐकू येणार होतं. तीस वर्षं गाव दूर होतं म्हणून गप्प होतं. आज ते समोर उभं राहून गप्प बसलं असतं. तिनं नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला.

आवाज तिचा होता, पण चाल बापाची होती.

“आणि महाराजा, ह्यो तुझो घाडी गुणाजी हद्दीभायर पडलो हा! तेचा काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, आणि तेका हद्दीत घे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

पन्नास गळ्यांतून एकाच वेळी गेलं. जन्माची सवय. वाक्याच्या शेवटी ‘महाराजा’ आलं की तोंडं आपोआप उघडायची, तशी ती उघडली आणि मिटली. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला की आपण कशाला होकार दिला.

“अरे, ह्या चुकान झाला,” कुणीतरी चाचरत म्हणालं. “ध्यान नव्हता. परत घेवया.”

“परत?” राजाराम वळला. “देवाम्होरचो व्हय परत घेतस? कसो घेतस ता दाखय बघूया!”

राजाराम तसाच उभा राहिला. त्याच्या कानशिलाची शीर उडताना शेवंतीला दिसली. निरोप यानंच आणला होता, पाणी न पिता जिना उतरला होता तोही हाच. आता हा काय बोलेल त्यावर सगळं होतं, आणि तिला त्याच्या पायाशी बसून भीक मागावीशी वाटली. पण हातात देवाचा नारळ होता, वाकता येत नव्हतं.

राजारामनं डोक्याचा रुमाल काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिसऱ्या माळ्याकडे तोंड वर केलं. आणि एकट्यानं, छाती फुटेस्तोवर ओरडला:

“व्हय... महाराजा!”

मागून सगळ्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी ध्यानात ठेवून. नारळ फुटला, होळी पेटली, बोंबा झाल्या. शेवंती ते काही न बघता जिना चढत होती. गुणाजी कठड्याला कपाळ टेकून बसला होता. तिनं त्याला धरून उशीवर नीट टेकवलं. त्याचे ओठ हलत होते. तिनं कान जवळ नेला.

“राजारामाचो आवाज,” तो म्हणाला. मग पुष्कळ वेळानं म्हणाला, “तसोच आसा.”

राजाराम त्यानंतर वर आला. दारात थांबला, चप्पल काढली, आत येऊन बसला. त्यानं शेवंतीकडे पाणी मागितलं.

गुणाजीनं पाऊस पाहिला नाही. पुढच्या शिमग्याला गिरण्यांनी रजा दिली, आणि खोलीला कुलूप लागलं तसं तिसऱ्या माळ्यावरच्या दारालाही लागलं. सगळी परत आली त्या सकाळी चाळीतल्या बायका नळावर उभ्या होत्या. लाल धुळीची रेघ दरवर्षीसारखी जिना चढून आली होती. पण दुसऱ्या माळ्यावर थांबली नव्हती. वळून पुढं गेली होती आणि घाड्यांच्या दारात संपली होती. शेवंती कळशी घेऊन बाहेर पडली आणि त्या धुळीवरून सरळ चालत गेली.